एक बॅटरी हिरवट, दुसरी गुलाबी: पांढऱ्या उजेडाची भानगड

चोपडा तालुक्यात आमचं केळीचं वावर आहे. शेतीची लाईन कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन निघायचं, मोटर चालू करायची आणि ठिबकची नळी कुठे फुटलीय ते ओळीओळीने बघत फिरायचं. मागच्या हिवाळ्यात मी आणि आमचे नाना असेच गेलो होतो. दोघांच्या हातात एलईडी बॅटऱ्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. मोटरच्या खोलीला नुकताच चुना मारलेला. कुलूप उघडताना दोन्ही झोत शेजारीशेजारी भिंतीवर पडले आणि नाना थबकले. माझ्या झोतात भिंत किंचित गुलाबीसर दिसत होती, नानांच्या झोतात शेवाळ धरल्यासारखी हिरवट.

"हाई बॅटरी हिरवी काबर दिखस?" नानांनी विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत निकालही देऊन टाकला: दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला.

दुकानदाराचा यात काही दोष नव्हता. दोन्ही बॅटऱ्या अस्सल होत्या. पण नानांचा प्रश्न खरा होता, आणि हल्ली तो बऱ्याच जणांना पडतो. पूर्वीच्या दोन सेलच्या पितळी बॅटरीत हा घोळ नव्हता, कारण सगळ्यांचाच उजेड पिवळा पडायचा. (शहरात टॉर्च म्हणतात, पुस्तकात विजेरी. आमच्याकडे उजेडाची ती बॅटरी आणि तिच्यात घालायचे ते सेल. इथेही तसंच म्हणतो.)

## बंद बॅटरीत डोकावून बघा

आधी बॅटरी बंद करा. चालू असताना डोळा लावायचा नाही. आता काचेतून आत बघा. मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा किंवा त्याहून लहान पिवळाधमक ठिपका दिसेल. पांढरा उजेड देणारी वस्तू बंद असताना पिवळी कशी?

कारण पांढरा उजेड देणारी एलईडी मुळात पांढरी नसतेच. त्या पिवळ्या थराखाली एक बारीक चौकोनी चकती असते आणि ती निळा उजेड देते. तिच्यावर फॉस्फर नावाची पिवळी पूड सिलिकॉनमध्ये कालवून पसरलेली असते. फॉस्फर म्हणजे एका रंगाचा उजेड खाऊन दुसऱ्या रंगाचा ओकणारा पदार्थ. इथे तो बहुधा यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात सिरियमचा अंश घालून केलेला असतो. चकतीचा काही निळा उजेड ही पूड खाते आणि त्याचा पिवळा करते. उरलेला निळा तसाच आरपार येतो. निळा आणि पिवळा एकत्र डोळ्यात शिरले की मेंदू म्हणतो, पांढरा.

"निळ्यात पिवळा मिसळला तर हिरवा होतो, हे तर शाळेतलं पोरगं सांगेल." रंगपेटीतल्या रंगांचं बरोबर आहे. रंग उजेड शोषतात, म्हणून मिसळल्यावर थोडाच उजेड परत येतो. इथे मात्र दोन उजेडांची बेरीज होते आहे. त्यापेक्षा धोतराला नीळ देण्याचं आठवा. धुऊन धुऊन पिवळट पडलेलं धोतर निळीच्या पाण्यातून काढलं की पांढरंशुभ्र दिसतं. नीळ कमी पडली तर पिवळटपणा राहतो, जास्त पडली तर धोतर निळं होतं आणि चारचौघांत हसू होतं. आतली क्रिया वेगळी असली तरी तोल तोच. एलईडीतला पांढरा रंग असा तोलावर उभा आहे. तो जरा कलला की झाक मारते.

हा तोल साधायला वेळ लागला, कारण लाल एलईडी १९६२ मध्येच आली होती, पण उजेडासाठी वापरता येईल अशी निळी एलईडी १९९० च्या दशकापर्यंत कोणाला जमली नव्हती. ती जमवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळी हाती आल्यावर तिच्यावर पिवळी पूड पसरून पांढरी करणं, ही पुढची पायरी होती.

## डब्यावर लिहिलेला निम्मा पत्ता

लोहाराच्या भट्टीत विळा तापताना बघितलाय? आधी तो काळसर लाल होतो, मग केशरी, मग पिवळा. आणखी तापवता आला असता तर पांढरा झाला असता, आणि त्याच्याही पुढे निळसर. तापमान आणि रंग यांची ही जोडी ठरलेली आहे. म्हणून उजेडाचा रंग तापमानाच्या मापात, केल्विनमध्ये सांगतात. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, घरातला जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आभाळ ६५०० किंवा जास्त. यात एक उलटी गंमत आहे. आकडा मोठा म्हणजे रंग निळसर, थंड वाटणारा. आकडा लहान म्हणजे उबदार पिवळा.

जुन्या बल्बमध्ये खरोखरच तार तापायची. म्हणून तो या ठरलेल्या वाटेवरून कधी ढळायचा नाही. सेल उतरले की तार कमी तापायची आणि उजेड पिवळ्याचा तांबडा होत जायचा. तांबडा झाला की सेल बदलायचे, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

एलईडीत तापून उजेड देणारी तार नाही. ती या वाटेवरून चालत नाही, तिला फक्त त्या वाटेवर आणून ठेवलेलं असतं. असं समजा की केल्विनची वाट म्हणजे वावराचा अरुंद बांध आहे. केल्विनचा आकडा सांगतो, तुम्ही बांधावरून किती लांब आलात. पण पाय घसरून डाव्या वावरात पडलात की उजव्या, ते सांगत नाही. एका अंगाला पडलात तर उजेड हिरवा, दुसऱ्या अंगाला पडलात तर गुलाबी. या घसरण्याला बॅटरीचे शौकीन टिंट म्हणतात. आपण झाक म्हणू.

डब्यावर '६५००' छापलेलं असतं. घसरण कोणी छापत नाही. म्हणून ६५०० च्या दोन बॅटऱ्यांत एक हिरवट आणि एक गुलाबी निघते, आणि डब्यावरचं छापील दोघींच्याही बाबतीत खरं असतं. पत्ता दिला पण घर नंबर दिला नाही, तसं.

## केळीसारखी प्रतवारी इथेही

एकाच कारखान्यात, एकाच दिवशी झालेल्या एलईडींत फरक का पडावा? चकतीचा निळा रंग कणभर इकडेतिकडे होतो. पुडीचा थर केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने जाड-पातळ होतो. एवढ्यावर तोल ढळतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक एलईडी पेटवून मोजतात आणि उजेड, लागणारा विजेचा दाब आणि रंग यांप्रमाणे वेगवेगळ्या खोक्यांत टाकतात. आपल्याकडे व्यापारी वावरात येऊन घड बघतो, हा बाहेरदेशी जाईल, हा दिल्लीला, हा इथल्याच बाजारात, तसंच. वाण एक, बाग एक, भाव वेगळा.

किती फरक डोळ्याला कळतो, हे मोजण्याचा पाया १९४२ मध्ये डेव्हिड मॅकॲडम या अमेरिकी शास्त्रज्ञाने घातला. एकाच माणसाला हजारो वेळा दोन रंग जुळवायला बसवलं, आणि तो कितीपर्यंत चुकतो ते रंगांच्या नकाशावर मांडलं. तेवढी चूक म्हणजे एक पायरी. आजही 'तीन पायऱ्यांच्या आत', 'सात पायऱ्यांच्या आत' अशी मापं त्यावरूनच चालतात. तीन पायऱ्यांच्या आतला फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सात पायऱ्यांचा फरक चुन्याच्या भिंतीवर लगेच दिसतो. निवडक खोकं महाग, सरमिसळ खोकं स्वस्त. स्वस्त बॅटरी करणारा कोणतं घेईल, ते सांगायला नको.

आता हिरवट बॅटऱ्याच जास्त का भेटतात? माणसाचा डोळा दिवसाउजेडी पिवळट हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो. डब्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं एकूण माप, डोळ्याच्या याच आवडीप्रमाणे मोजलं जातं. म्हणून हिरव्याकडे झुकलेली एलईडी तेवढ्याच विजेत जास्त ल्युमेन दाखवते. गिऱ्हाईक ल्युमेनचा आकडा बघून घेतं आणि कारखाना तो आकडा वाढवतो. माझ्या मते अर्धा दोष आपलाच आहे. मोठ्या आकड्याला भुलायची आपली खोड जुनी आहे.

## एकाच झोतात तीन रंग

हे प्रकरण मला सगळ्यात मजेशीर वाटतं. बॅटरी पांढऱ्या भिंतीवर हातभर अंतरावरून मारा. मधला ठिपका एका रंगाचा, त्याभोवती पिवळट कडं आणि बाहेर फाकलेला उजेड निळसर किंवा जांभळट, असं बऱ्याच बॅटऱ्यांत दिसतं. एलईडी एकच असताना तीन रंग कुठून आले?

आपलं कपाशीचं वावर सरळ आडवं ओलांडलं तर कमी झाडं अंगाला लागतात. तिरकं गेलं तर वाट लांबते आणि जास्त झाडं घासतात. निळ्या उजेडाचंही असंच आहे. जो सरळ वर निघतो, त्याला पुडीचा थर कमी लागतो, म्हणून तो निळसर राहतो. जो तिरका निघतो, त्याची पुडीतली वाट लांब, म्हणून तो जास्त पिवळा होऊन बाहेर पडतो. म्हणजे एलईडी पुढून एका रंगाची आणि बाजूने दुसऱ्या रंगाची असते. त्यात भर म्हणजे काही एलईडींत पूड चकतीच्या बाहेरही पसरलेली असते. त्या काठावर खालून निळा उजेड फार येत नाही, मग तिथून निव्वळ पिवळट उजेड निघतो. तोच ठिपक्याभोवतीचं कडं बनतो.

यानंतर काम आरशाचं. बॅटरीच्या तोंडातला वाटीसारखा चकचकीत आरसा बाजूचा उजेड गोळा करून मध्ये फेकतो आणि पुढचा उजेड सरळ बाहेर फाकू देतो. आधी जे रंग कोनाप्रमाणे वेगळे झाले होते, ते आता भिंतीवर वेगळ्या जागी पडतात. आरसा जितका गुळगुळीत, तितकी ही फाळणी स्वच्छ. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आरसा असेल तर रंग आपसात मिसळतात आणि झोत एकसारखा दिसतो. त्या बदल्यात झोत थोडा कमी लांब जातो.

यात्रेत हमखास मिळणारी, मान पुढे-मागे ओढायची झूमवाली बॅटरी वेगळीच. तिच्यात आरशाऐवजी जाड भिंग असतं. झोत बारीक केला की भिंतीवर चक्क चौकोन उमटतो. ते त्या चकतीचंच मोठं केलेलं चित्र. चौकोनाच्या कडेला रंगीत किनार दिसते, कारण काच निळा उजेड लाल उजेडापेक्षा जास्त वाकवते. ही किनार भिंगाची, एलईडीची नव्हे.

वावरात फिरताना पायाजवळचा उजेड एकसारखा हवा असेल तर काचेवर पातळ दुधी प्लास्टिकचा तुकडा लावून बघा. झोताची लांबी जाते, पण तिन्ही रंग एकजीव होतात.

## उजेड कमी केला आणि हिरवा झाला

एकाच बॅटरीचा उजेड 'लो' वर हिरवट आणि 'हाय' वर पांढरा किंवा निळसर दिसतो, असं होतं. तेही बिघडल्याचं लक्षण नाही. चकतीतून जास्त वीज गेली की तिचा निळा रंग किंचित सरकतो. तापलेली पूडही आपलं काम थोडं कमी करते. निळीचं प्रमाण वाढलं म्हणा. वीज कमी झाली की पारडं पिवळट हिरव्याकडे झुकतं. साध्या बनावटीच्या बॅटरीत सेल उतरत आला तरी हेच होतं. तांबडा होण्याऐवजी उजेड मंद आणि हिरवट होत जातो. पितळी बॅटरीवर वाढलेल्या माणसाला तो सेल उतरल्याचा इशारा वाटत नाही.

काही बॅटऱ्या दुसरी युक्ती करतात. वीज पूर्णच सोडायची, पण सेकंदात शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायची. डोळ्याला सरासरी मंद उजेड वाटतो. एलईडी मात्र पेटते तेव्हा पूर्ण विजेवर पेटते, म्हणून रंग फारसा बदलत नाही. तुमच्या बॅटरीत ही युक्ती आहे का, ते फुटलेल्या ठिबकच्या नळीवर कळतं. पाण्याची चिळकांडी सलग धार दिसायच्या ऐवजी तुटक ठिपक्यांची माळ दिसली, तर बॅटरी लुकलुकते आहे.

## "डोळ्याला सवय होते, मग एवढं काय त्यात?"

हा आक्षेप निम्मा खरा आहे. हिरवट बॅटरी एकटीच हातात असेल तर पाच-दहा मिनिटांत मेंदू तिलाच पांढरं धरून चालतो. नाना आजवर तिच्यावर खूश होते. झाक दिसली ती दुसरी बॅटरी शेजारी आली म्हणून. नुसत्या झाकेसाठी नवी बॅटरी घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पण सवयीने भरून न निघणारी एक उणीव असते, आणि ती पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या बॅटरीतही लपून राहते. किराण्याची दोन बिलं घ्या, दोन्ही पाचशेची. एकात सगळं सामान आहे. दुसऱ्यात तेल आणि साखर जास्त, पण मिरची नाही. बेरीज सारखी. शेवभाजी करायला बसल्यावर मात्र दुसरी पिशवी उघडी पडते. निळी चकती आणि पिवळी पूड मिळून बेरीज पांढरी करतात, पण त्या पिशवीत गडद लाल फार थोडा असतो. वस्तूचा लाल रंग दिसायला तिच्यावर लाल उजेड पडावा लागतो. तोच नसेल तर डोळ्याला कितीही सवय झाली तरी लाल कुठून येणार?

यासाठी सीआरआय नावाचं माप आहे. रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, शंभरपैकी. नेहमीच्या थंड पांढऱ्या बॅटरीला सत्तरच्या आसपास गुण मिळतात. नव्वदच्या पुढची चांगली. गंमत म्हणजे ही सरासरी आठ फिक्या रंगांवर काढतात आणि गडद लाल त्या आठांत नाहीच. तो नववा, वेगळा मोजला जातो, आणि स्वस्त एलईडींत त्याचे गुण शून्याच्याही खाली जातात.

घरी तपासायचं असेल तर जुनी सीडी काढा. अंधारात तिच्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडून परत येणारे रंग बघा. ठळक निळा पट्टा दिसेल, मग मध्ये अंधारल्यासारखी फट, मग हिरवा-पिवळा रुंद पट्टा, आणि लाल कडेला फिकट. जुना बल्ब असेल तर त्याचाही उजेड पाडा. कुठेही फट नाही, आणि लाल भरघोस.

वावरात याचा संबंध कुठे येतो? स्टार्टरच्या पेटीत. लाल, पिवळी, निळी अशा तीन फेजच्या वायरी, त्याही धूळ खाऊन जुन्या झालेल्या. कमी लालीच्या उजेडात लाल वायर तपकिरी, मळकट दिसते. आणि केळीच्या वाळक्या पानांत. मण्यार काळी, तिच्यावर पांढरे पट्टे, ती कोणत्याही उजेडात उठून दिसते. घोणस तपकिरी. वाळलं पानही तपकिरी. त्या दोन तपकिऱ्यांतला फरक लाल-पिवळ्याच्या छटांत असतो, आणि नेमक्या त्याच छटा निळसर उजेड गिळतो. चांगल्या सीआरआयची बॅटरी घेतली म्हणून पायात गमबूट घालायचं सोडू नका, एवढं मात्र सांगतो.

सोन्याच्या दुकानात दागिन्यांवर पिवळसर दिवे असतात तेही याच कारणाने. निळसर उजेडात तेच सोनं फिकं पडतं. आणि संध्याकाळच्या बाजारात भरताच्या हिरव्या वांग्यांवर हिरवट दिवा टांगलेला दिसला, तर वांगं एकदा हातात घेऊन दाबून बघायला हरकत नाही.

चांगल्या सीआरआयला किंमत मोजावी लागते. पुडीत लाल देणारा पदार्थ मिसळावा लागतो. डोळा गडद लालाला फारशी दाद देत नाही, म्हणून तेवढ्याच विजेत ल्युमेन कमी भरतात. लांबवर झोत टाकून रानडुक्कर हुसकायचं असेल तर ल्युमेन आणि झोत बघा. हाताच्या अंतरावर वायर, पान, जखम बघायची असेल तर सीआरआय बघा. मी विकत घेतली तर चांगल्या सीआरआयची घेईन.

## नेहमीचे दोन वाद

"पिवळा उजेड धुक्यात लांब जातो." हिवाळ्यात तापीकाठच्या गावांत हे हमखास ऐकू येतं. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने बरेच मोठे असतात आणि सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतात. त्यामुळे रंगाने फार फरक पडत नाही. खरा त्रास थेंबांवरून उलटून डोळ्यात येणाऱ्या उजेडाचा असतो. म्हणून धुक्यात बॅटरी कमरेशी, डोळ्यापासून लांब धरा. कपाळावर बांधायची बॅटरी धुक्यात सगळ्यात वाईट.

"फोनमध्ये काढलेल्या फोटोत तर माझी बॅटरी पांढरीच दिसते." फोन प्रत्येक फोटोत पांढरं काय ते स्वतःच ठरवतो आणि रंग ओढूनताणून जुळवतो. दोन बॅटऱ्यांचे दोन फोटो काढून तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्ही झोत एकाच फोटोत, एकाच भिंतीवर घ्या. त्यातही फरक कधी डोळ्यापेक्षा जास्त भडक दिसतो. भिंत मात्र चुन्याची हवी. क्रीम रंगाच्या भिंतीवर सगळ्याच बॅटऱ्या गुणी वाटतात.

हे सगळं मी नानांना मोटरच्या खोलीसमोर दगडावर बसून सांगितलं. तोवर लाईन येऊन मोटर सुरूही झाली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठून दोन्ही झोत पुन्हा भिंतीवर मारून पाहिले, आणि माझ्या हातातली गुलाबीसर बॅटरी काढून घेऊन आपली माझ्या हातात दिली.

"तुले कारण समजनं ना? मंग हिरवी तूच वापर."